यूकेत वेटिंग लिस्टवर आहात आणि ऑपरेशन भारतात करून घ्यायचं म्हणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या मराठी घरांत हल्ली कोणाचा ना कोणाचा गुडघा, खुबा, हर्निया नाहीतर मोतीबिंदू यादीत अडकलेला असतो, आणि मग "पुण्याला जाऊन करून येऊ का" हा विषय निघतोच. तेच ते प्रश्न सारखे येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या डॉक्टरशी बोलूनच घ्या, इथे आहे ती बाकीची सगळी माहिती जी कोणी एकत्र सांगत नाही.

एनएचएसमध्ये (यूकेच्या सरकारी आरोग्यसेवेत) नियमाप्रमाणे किती थांबावं लागायला हवं?

इंग्लंडमध्ये जीपीने (फॅमिली डॉक्टरने) रेफर केल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायला हवेत, आणि १०० पैकी ९२ पेशंटच्या बाबतीत हे व्हायला हवं असं ठरलेलं आहे. हे लक्ष्य २०१६ नंतर गाठलेलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तर यादी ७७ लाखांच्या वर गेली होती (हा आकडा केसेसचा आहे, एकाच माणसाचं नाव दोन विभागांत असू शकतं). वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, त्यामुळे खाली जे हक्क लिहिलेत ते इंग्लंडचे समजा.

जायच्या आधी इथेच काही करता येतं का?

येतं, आणि बरेच जण ते न करताच तिकीट काढतात याचं मला फार वाईट वाटतं. इंग्लंडमध्ये जीपी रेफर करतो तेव्हा कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते निवडायचा हक्क तुम्हाला आहे, जवळचंच घ्यायला पाहिजे असं नाही, आणि एनएचएसशी करार असलेली काही प्रायव्हेट हॉस्पिटलं पण त्यात येतात, तिथे ऑपरेशन झालं तरी तुम्हाला एक पैसा द्यावा लागत नाही. माय प्लॅन्ड केअर नावाच्या एनएचएसच्या साइटवर कुठल्या हॉस्पिटलात कुठल्या विभागाला सरासरी किती आठवडे लागतायत ते दिसतं, दोन शहरांमध्ये कधीकधी खूपच फरक असतो, तेव्हा लेस्टरमध्ये अडकला असाल तर नॉटिंगहॅम, डर्बी पण बघा.

आधीच लिस्टवर असाल तर कन्सल्टंटच्या (हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टच्या) सेक्रेटरीला फोन करा. थेट सेक्रेटरीला, स्विचबोर्डला सांगितलं की मिळतात. तीन गोष्टी विचारा: माझं नाव नक्की लिस्टवर आहे ना, माझी तारीख कुठली धरली आहे, आणि कोणी आयत्यावेळी कॅन्सल केलं तर मला बोलावता का. शेवटचं विचारायला लाजू नका, तीन-चार दिवसांच्या नोटिसवर येऊ शकत असाल तर खरंच फरक पडतो. आणि दुखणं वाढलं असेल, रात्री झोप लागत नसेल, जिना चढता येत नसेल, कामावर जाता येत नसेल तर ते जीपीला सांगून तसं पत्र पाठवायला लावा. आपली माणसं डॉक्टरसमोर "ठीक आहे हो, चालतंय" म्हणतात आणि घरी येऊन कळवळतात. कागदावर "ठीक आहे" लिहिलं गेलं की तुम्ही लिस्टमध्ये मागेच राहता.

परदेशातल्या ऑपरेशनचे पैसे एनएचएस देतं का?

भारतातल्या ऑपरेशनचे अजिबात नाही, सगळे पैसे तुमचे.

युरोपातल्यासाठी एक रस्ता अजून उघडा आहे, त्याला एस-टू म्हणतात. तुम्हाला जो उपचार एनएचएसमध्ये मिळायला हवा पण वैद्यकीयदृष्ट्या योग्य वेळेत मिळत नाहीये, तो युरोपियन युनियनमधल्या देशात किंवा स्वित्झर्लंडमध्ये सरकारी व्यवस्थेतून घेता येतो, पण परवानगी जायच्या आधीच काढावी लागते आणि इथल्या डॉक्टरचं समर्थन लागतं. प्रायव्हेट क्लिनिकला हे चालत नाही. आधी दुसरा एक सोपा रस्ता होता, स्वतः पैसे भरा, करून या आणि नंतर मागा, तो ब्रेक्झिटमुळे २०२० च्या अखेरीस बंद झाला.

ह्या हक्कामागे एक केस आहे. बेडफर्डच्या इव्होन वॉट्स यांना खुब्यासाठी आधी वर्षभर थांबा म्हणून सांगितलं होतं, त्या २००३ मध्ये फ्रान्समधल्या अबव्हिलला गेल्या, ३,९०० पाउंड खिशातून भरून ऑपरेशन करून आल्या आणि मग पैसे परत मागितले. प्रकरण युरोपच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने सांगितलं की परवानगी नाकारताना नुसती "वेटिंग लिस्ट आहे" एवढी सबब पुरणार नाही, त्या पेशंटच्या दुखण्याकडे, तब्येतीकडे बघून ठरवायला हवं. वर मी दुखणं कागदावर आणा म्हणून एवढं सांगतेय ते उगाच नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये राहतो, आम्हाला काय?

तुमचं बरं आहे. आयर्लंड युनियनमध्येच असल्याने तो "भरा आणि परत घ्या" वाला रस्ता तुम्हाला अजून आहे, एचएसईच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) क्रॉस बॉर्डर योजनेतून, आयर्लंडमध्ये जेवढा खर्च आला असता तेवढ्यापर्यंत पैसे परत मिळतात. आणि नॉर्दर्न आयर्लंड युनियनच्या बाहेर गेलं तरी त्यासाठी वेगळी योजना केलेली आहे. कॉर्क आणि केरीहून मोतीबिंदूच्या पेशंटना बसने बेलफास्टला न्यायला २०१७ मध्ये तिथल्या दोन आमदारांनी सुरुवात केली होती, म्हाताऱ्या माणसांनी बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला डोळ्यांसाठी जायचं. भारताचं तिकीट काढायच्या आधी तुम्ही हे बघाच.

कुठल्या ऑपरेशनसाठी भारतात जाणं ठीक आणि कुठल्यासाठी नाही?

माझं मत सांगते. जे एकदा झालं की झालं, ज्याचा फॉलोअप थोडा असतो, ते ठीक. मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे, दाताची कामं. गुडघा आणि खुबा मधल्या गटात, होतं, पुष्कळ लोक करून येतात आणि छान चालतात, पण त्याला तयारी लागते. मणक्याचं ऑपरेशन, वजन कमी करायची सर्जरी, ज्याला वर्षानुवर्षं डॉक्टर लागतो, ते करताना दहा वेळा विचार करा.

किडनी, लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी "तिकडे डोनर मिळेल" असं कोणी सांगत असेल तर तिथल्या तिथे फोन ठेवा. भारताच्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे अवयव विकणं-घेणं गुन्हा आहे, आणि पेशंट परदेशी नागरिक आणि देणारा भारतीय असेल तर दोघं जवळचे नातेवाईक असल्याशिवाय परवानगीच मिळत नाही. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला मराठी माणूस इथे परदेशी धरला जातो. सरोगसीचंही तसंच, पैसे देऊन सरोगसी २०२१ च्या कायद्याने बंद आहे.

कॅन्सरची शंका आहे, ताबडतोब निघू का?

नाही, थांबा. कॅन्सरच्या शंकेची रांग इथे वेगळी आहे. जीपीने अर्जंट रेफर केलं की २८ दिवसांत कॅन्सर आहे की नाही ते कळायला हवं आणि ६२ दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत असं लक्ष्य आहे. हे सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, पण त्या रांगेतून उठून तिकडे नव्याने सुरुवात केली तर बायोप्सी, स्कॅन, रिपोर्ट सगळं परत, आणि नंतर किमो-रेडिएशन किती महिने चालेल सांगता येत नाही. तिकडच्या डॉक्टरचा सेकंड ओपिनियन व्हिडिओवर जरूर घ्या, पण इथली अपॉइंटमेंट सोडू नका.

खर्च साधारण किती?

इंग्लंडमध्ये प्रायव्हेटला एक गुडघा बदलायला साधारण १३ ते १७ हजार पाउंड लागतात. पुण्या-मुंबईत चांगल्या हॉस्पिटलात एका गुडघ्याला साधारण अडीच ते साडेचार लाख रुपये, रूम कुठली घेता आणि रोबोटने करता का यावर. इम्प्लांटच्या (गुडघ्यात बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतीवर भारतात २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तेव्हा साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवले होते, आधी हेच लाख-दीड लाखाला लावायचे. म्हणून बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा आणि बघा.

पण नुसतं ऑपरेशनचं पॅकेज बघून हिशोब करू नका. दोघांची तिकिटं, दीड-दोन महिने राहणं, फिजिओ घरी येणार त्याचे रोजचे पैसे, दिवसाची आणि रात्रीची बाई, कमोडची खुर्ची, वॉकर, इथे बुडालेला पगार. आणि हॉस्पिटलला पहिल्याच फोनवर विचारा की ओसीआयवाल्यांना (परदेशी पासपोर्ट असलेल्या मूळ भारतीयांना) तुम्ही इंटरनॅशनल पेशंटचा रेट लावता की इथला, कारण काही ठिकाणी दोन वेगळे रेट असतात आणि ते ॲडमिट झाल्यावर कळून उपयोग नाही.

"आत्ता भारतात मेडिक्लेम काढतो आणि पुढच्या वर्षी ऑपरेशन करतो" असं विचारणारे पण आहेत. बहुतेक पॉलिसींमध्ये गुडघा, खुबा, मोतीबिंदू, हर्नियाला दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो. आधीपासूनचं दुखणं लपवलं तर क्लेम नाकारतात, त्या भानगडीत पडू नका. यूकेचा ट्रॅव्हल इन्शुरन्ससुद्धा ठरवून केलेल्या ऑपरेशनला सहसा चालत नाही, त्यातून उद्भवलेल्या त्रासालाही नाही.

व्हिसा लागतो का?

भारतीय पासपोर्ट असेल किंवा ओसीआय असेल तर नाही. नवरा किंवा बायको ब्रिटिश आणि ओसीआय नसेल तर पेशंटसाठी ई-मेडिकल व्हिसा असतो आणि सोबत येणाऱ्यासाठी अटेंडंट व्हिसा. टूरिस्ट व्हिसावर जाऊन ऑपरेशन करून घेऊ नका, उगाच अडचण होते.

हॉस्पिटल आणि सर्जन कसा निवडायचा?

मी नावं देत नाही. चेक करायला हॉस्पिटलची एनएबीएच (भारतातली हॉस्पिटलच्या दर्जाची) मान्यता चालू आहे का ते बघा, सर्जनचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का ते बघा. आणि सर्जनशी व्हिडिओवर बोला, कोऑर्डिनेटरशी नाही. विचारा की हे ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना, वर्षाला असे किती करता, कुठलं इम्प्लांट घालणार, आणि महत्त्वाचं म्हणजे मी परत गेल्यावर तीन महिन्यांनी सूज आली तर मी कोणाला फोन करायचा. याचं सरळ उत्तर जो देतो तो माझ्या मते चांगला. एक्स-रे बघायच्या आधीच तारीख देणारा असेल तर दुसरीकडे बघा. दोन्ही गुडघे एकदम करू म्हणाले तर का ते विचारा, "तुम्ही लांबून आलात म्हणून" हे कारण पुरेसं नाही, तुमचं हृदय, शुगर, वय बघून ठरवायला हवं.

महिना निवडता येत असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या उकाड्यात ऑपरेशननंतरचे लांब घट्ट मोजे पायात घालून बसणं नको होतं, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर वॉकर घेऊन चालायची भीती असते. दिवाळीचा आठवडा टाळा.

आणि भेटायला येणारी मंडळी. मावशी, काका, शाळेतल्या मैत्रिणी, सगळे प्रेमाने येतात, चपला बाहेर काढतात पण हात धुवत नाहीत, आणि कोणी ना कोणी पट्टी बघू दे म्हणतं. ताजी जखम आहे, सर्दी-खोकला असलेल्याला गोड बोलून फोनवरच भेटा, पंधरा दिवस तरी.

ऑपरेशननंतर किती दिवसांनी विमानात बसता येतं?

यूकेच्या विमान प्राधिकरणाच्या मार्गदर्शनाप्रमाणे मोतीबिंदूनंतर १ दिवस, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १-२ दिवस, पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर १० दिवस. हे कमीत कमी आहे, इतक्या लवकर निघा असं नाही. गुडघा आणि खुब्याला लांबच्या फ्लाइटसाठी बरेच सर्जन सहा आठवडे ते तीन महिने थांबायला सांगतात, कारण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जायचा धोका असतो आणि मुंबई-लंडन म्हणजे नऊ-दहा तास एका जागी बसणं. रेटिनाच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा फुगा सोडला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान अजिबात नाही, दृष्टी जाऊ शकते.

म्हणून "दोन आठवड्यांच्या सुट्टीत गुडघा करून येतो" हा बेत मला मान्यच नाही.

परत आल्यावर एनएचएस बघतं का?

इमर्जन्सी असेल तर नक्की बघतं, जखम चिघळली, ताप आला, पोटरी सुजली, श्वास लागला तर सरळ ९९९ ला फोन किंवा ए अँड ई (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग), तिथे कोणी तुम्हाला "भारतात का केलंत" म्हणून परत पाठवणार नाही. पण रोजचा फॉलोअप, फिजिओ, सहा महिन्यांचा एक्स-रे हे आपोआप मिळेल असं धरून चालू नका. काही जीपी मदत करतात, काही म्हणतात ज्याने ऑपरेशन केलं त्याने बघावं. जायच्या आधी जीपीला सांगा, विचारा, उत्तर लिहून घ्या. प्रायव्हेट फिजिओचे दहा-बारा सेशनचे पैसे बाजूला काढूनच निघा. गुडघ्याच्या ऑपरेशनचा निम्मा निकाल फिजिओवर असतो, ते तिसऱ्या महिन्यात सुटलं की गुडघा वाकत नाही आणि मग लोक सर्जनला दोष देतात. माझं स्पष्ट मत आहे, तिसऱ्या महिन्यात तुमचा पाय कोण बघणार याचं नाव तुमच्याकडे नसेल तर अजून तिकीट काढू नका.

इथल्या नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीत (बसवलेल्या कृत्रिम सांध्यांच्या नोंदवहीत) बाहेर केलेल्या ऑपरेशनची नोंद होत नाही. तुमच्या पायात काय बसवलंय याचा पुरावा फक्त तुमच्याकडचा कागद.

मग कुठले कागद आणायचे?

डिस्चार्ज समरी नुसती पुरत नाही. ऑपरेशन नोट्स मागा, ॲनेस्थेशियाची नोंद मागा, आधीचे आणि नंतरचे एक्स-रे सीडीवर आणि फोनमध्येही. आणि स्टिकर. इम्प्लांटच्या प्रत्येक डब्याबरोबर छोटे चिकट लेबल येतात, त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर आणि बारकोड असतो, थिएटरमधली सिस्टर ते पेशंटच्या फाइलमध्ये चिकटवते, आणि फाइल हॉस्पिटलात राहते. त्या पानाची रंगीत झेरॉक्स मागा, फोटोही काढा. गुडघ्याचे सहसा तीन-चार स्टिकर असतात, मांडीच्या हाडाचा भाग, नडगीचा भाग, मधलं प्लास्टिक, सगळे आहेत का बघा. दहा-पंधरा वर्षांनी त्यातलं फक्त प्लास्टिक बदलायची वेळ आली तर इथल्या सर्जनला याच नंबरावरून जुळणारा तुकडा मागवता येतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगमध्ये निम्मा दिवस जातो आणि सगळे घरी जायच्या घाईत असतात, तेव्हा हे आदल्या दिवशीच मागून ठेवा.

औषधं इकडे आणता येतात का?

आणता येतात पण बघून. ट्रामाडॉल, प्रीगाबालिन, गाबापेंटिन ही यूकेत नियंत्रित औषधं आहेत, तिकडे ती दुखण्यासाठी सर्रास देतात. तीन महिन्यांपेक्षा कमीचा साठा, मूळ पाकिटात, तुमच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत ठेवा. निमेसुलाइडच्या गोळ्या इथे मिळत नाहीत, त्या संपल्या की जीपीकडे मागून उपयोग नाही. आणि डॉक्टरला सांगा की ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहा, इथल्या फार्मसिस्टला तिकडचे ब्रँड कळत नाहीत.

परत आल्यावर इथल्या हॉस्पिटलने स्वॅब घेतला आणि वेगळ्या खोलीत ठेवलं, काही गंभीर आहे का?

घाबरू नका. गेल्या १२ महिन्यांत परदेशात हॉस्पिटलात राहिलेल्या पेशंटची इथे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंसाठी तपासणी करतात, रिपोर्ट येईपर्यंत वेगळं ठेवतात. बाकीच्या पेशंटसाठी आहे ते. "भारतात ॲडमिट झालो होतो" हे लपवू मात्र नका, इन्फेक्शन झालंच तर योग्य अँटिबायोटिक निवडायला डॉक्टरला ते माहीत असायलाच हवं.

मी गेलो तर लिस्टवरचं नाव जाईल का?

नुसतं प्रायव्हेट कन्सल्टेशन किंवा एमआरआय करून आलात म्हणून नाव जात नाही. पण तुम्ही तिकडे असताना इथली तारीख आली आणि न कळवता चुकवली तर तुम्हाला परत जीपीकडे पाठवू शकतात, म्हणजे पहिल्यापासून सगळं. म्हणून कळवून जा. आणि ऑपरेशन करून आलात तर लगेच नाव काढायला सांगा, तुमच्यामागे कोणीतरी तसंच दुखणं घेऊन बसलेलं असतं.

वर्क व्हिसावर आहे, नोकरीचं आणि आयएलआरचं (यूकेत कायम राहायच्या परवानगीचं) काय?

दरवर्षी १,०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज भरून वर रांगेत थांबायचं याचा राग येतो, बरोबर आहे. पण आयएलआरसाठी कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहता येत नाही, आजारपणात सूट मागता येते तरी त्यावर विसंबू नका, आधीच्या सुट्ट्या धरून दिवस मोजा. ऑफिसला खरं कारण सांगा. आजारपणाची सुट्टी ७ दिवसांपुढे गेली की सर्टिफिकेट लागतं, भारतातल्या सर्जनचं चालेल का ते एचआरकडून ईमेलवर घ्या.

टर्की, लिथुआनिया, हंगेरी जवळ पडतं, तिकडे का नको?

का नको, बघा ना. दातांसाठी हंगेरीला, गुडघ्यासाठी लिथुआनियाला इथले पुष्कळ लोक जातात, तीन तासांची फ्लाइट हा मोठाच फायदा. पण तिकडे ऑपरेशननंतर हॉटेलच्या खोलीत दोघंच असता. पुण्यात बहीण डबा आणते, भाऊ रात्री झोपायला येतो, सिस्टरशी मराठीत बोलता येतं की नेमकं कुठे ठणकतंय. टर्कीतल्या स्वस्त वजन कमी करायच्या आणि कॉस्मेटिक पॅकेजबद्दल मात्र सावध राहा, तिथे ब्रिटिश पेशंट दगावलेत आणि सरकारच्या प्रवास सूचनांमध्येही ते लिहिलेलं आहे.

काही बिघडलं तर दाद कुठे मागायची?

जिथे ऑपरेशन झालं तिथेच, इथल्या कोर्टाचा उपयोग नाही. भारतात पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ते स्पष्ट केलंय, आणि तक्रार सहसा दोन वर्षांच्या आत करावी लागते. प्रत्येक पावती जपून ठेवा.

आई इथे आमच्याकडे असते, तिला एकटीला पाठवून मामाकडे ठेवलं तर चालेल का?

मोतीबिंदूला चालेल, मामा-मामी घरी असतील आणि थेंब वेळेवर घालणारं कोणी असेल तर. गुडघ्याला नको. पहिले दहा-पंधरा दिवस रात्री दोनदा उठून बाथरूमला धरून न्यायला माणूस लागतं, मामी पण सत्तरीच्या असतील आणि संकोचाने आई हाकच मारणार नाही, एकटी उठेल आणि पडेल. तुमच्यापैकी एकाने निदान ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापासून टाके निघेपर्यंत तिथे राहा, त्यानंतर रात्रीची बाई ठरवून निघा, आणि परतीच्या फ्लाइटला पुन्हा कोणीतरी सोबत, व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून.

मामाकडे लिफ्ट आहे का आणि कमोड आहे का, ते आजच फोन करून विचारा.